चार केंद्रे, चार लॅब, एक तक्ता: बहुकेंद्री वैद्यकीय संशोधनात तपासण्यांची माहिती कशी सांभाळावी

एका रुग्णाचे क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्ततपासणी) १.२, दुसऱ्याचे १०६. दोन्ही आकडे खरे तर एकच आहेत. पहिला मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये, दुसरा मायक्रोमोल प्रति लिटरमध्ये. ते युनिटशिवाय एकाच रकान्यात बसले, की त्या रकान्याची सरासरी काढणाऱ्याचे काही खरे नाही. एकाच रुग्णालयातल्या अभ्यासात असा घोळ सहसा होत नाही. लॅब एक, मशीन एक, आणि शंका आलीच तर जिना उतरून टेक्निशियनला विचारता येते. केंद्रे वाढली की ही सोय संपते, आणि तिची जागा लेखी नियमांना घ्यावी लागते.

मोठ्या औषध कंपन्यांच्या चाचण्यांत सगळे नमुने बहुधा एकाच मध्यवर्ती लॅबला जातात, त्यामुळे अर्धी डोकेदुखी मिटते. हा लेख ज्यांच्याकडे ती चैन नाही त्यांच्यासाठी आहे, म्हणजे वैद्यकीय महाविद्यालयातले प्राध्यापक, त्यांचे कोऑर्डिनेटर आणि ‘तुला कॉम्प्युटर येतो ना’ म्हणून डेटा गळ्यात पडलेला एखादा निवासी डॉक्टर. उदाहरणापुरता मधुमेहींच्या मूत्रपिंडविकाराचा एक अभ्यास धरू. केंद्रे चार: मुंबईतले पालिकेचे रुग्णालय, नागपूरचे शासकीय महाविद्यालय, पश्चिम महाराष्ट्रातले एक ट्रस्टचे रुग्णालय आणि नंदुरबार जिल्ह्यातले एक उपजिल्हा रुग्णालय. तपासण्या: क्रिएटिनिन, एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेचा अंदाज), लघवीतले अल्ब्युमिन-क्रिएटिनिन प्रमाण (लघवीवाटे किती प्रथिन जाते ते), पोटॅशियम आणि सीबीसी (रक्तपेशींची मोजणी).

पुढचे सगळे एका नियमावर उभे आहे. लॅबच्या रिपोर्टवर जे छापून आले तेच केंद्राने जसेच्या तसे नोंदवायचे. रूपांतर आणि हिशेब एकाच ठिकाणी, प्रोग्रॅमने करायचे. कोऑर्डिनेटरला कॅल्क्युलेटर हाती घ्यावा लागला, तर तुमचा फॉर्म चुकला आहे असे समजा.

पायरी १: पहिल्या रुग्णाआधी जुने रिपोर्ट मागवा

प्रत्येक केंद्राकडून मागच्या महिन्यातले दहा-बारा रिपोर्ट मागवा. नाव आणि केसपेपर क्रमांक झाकलेले असावेत. फक्त नॉर्मल नकोत. एक कावीळ झालेला, एक डायलिसिसवरचा, एक ‘सॅम्पल हिमोलाइज्ड’ (नमुन्यातल्या तांबड्या पेशी फुटल्या) असा शेरा असलेला रिपोर्ट मुद्दाम मागा. मग ते टेबलावर शेजारी शेजारी मांडा.

या एका दुपारच्या कामात जे दिसते ते कुठल्याही प्रोटोकॉलमध्ये लिहिलेले नसते. एकीकडे प्लेटलेट ‘१.५ लाख’ आहेत, दुसरीकडे ‘१,५०,०००’, तिसरीकडे ‘१५०’. एका ठिकाणी ‘ब्लड युरिया’ छापतात, दुसऱ्या ठिकाणी ‘बीयूएन’ (युरियातला नुसता नायट्रोजन), आणि त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत: बीयूएनला २.१४ ने गुणले की युरिया मिळतो. सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारी तपासणी) कुठे मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये असतो, कुठे प्रति डेसिलिटरमध्ये, म्हणजे थेट दहापट फरक. लघवीतल्या अल्ब्युमिनचे तर विचारू नका. कोणी क्रिएटिनिनशी प्रमाण काढून देते, कोणी नुसते ‘मायक्रोअल्ब्युमिन’ म्हणून मिलिग्रॅम प्रति लिटर देते, आणि दोन्हींना बोलताना एकच नाव वापरतात. दुसऱ्या प्रकारच्या रिपोर्टवरून प्रमाण काढायचे तर त्याच नमुन्यातले लघवीचे क्रिएटिनिनही हवे. ते मागवलेलेच नसेल, तर वर्षभराने डोक्याला हात लावण्यात अर्थ नाही.

तारखाही पाहा. परदेशी बनावटीच्या काही मशीनवर महिना आधी छापून येतो. ०५/०६ म्हणजे पाच जून की सहा मे हे कागदावरून कळत नसेल, तर त्या मशीनची सेटिंग आताच बदलून घ्या.

पायरी २: कुठली तपासणी कुठे होणार, ते ठरवा

सगळे मध्यवर्ती लॅबला पाठवणे परवडत नाही आणि गरजही नसते. मुख्य निष्कर्ष ज्या आकड्यावर उभा आहे तो एकाच लॅबमध्ये मोजा, आणि रुग्णाच्या सुरक्षिततेसाठी लागणारे आकडे स्थानिक लॅबमध्ये. आपल्या अभ्यासात क्रिएटिनिन आणि अल्ब्युमिन-क्रिएटिनिन प्रमाण मध्यवर्ती, पोटॅशियम आणि सीबीसी स्थानिक. पोटॅशियमचा नमुना नंदुरबारहून मुंबईला पाठवून काही मिळणार नाही. पेशी वेगळ्या न करता रक्त थंड ठेवले तर पेशींतले पोटॅशियम बाहेर झिरपते आणि आकडा खोटाच वाढतो.

एचबीएवनसीवर मात्र इथेच थांबून विचार करा, कारण केंद्रांत नंदुरबार आहे. सातपुड्यातल्या आदिवासी समाजांत सिकलसेलचे वाहक बरेच आहेत, आणि हिमोग्लोबिन एस (सिकलसेलमधले बदललेले हिमोग्लोबिन) असेल तर एचबीएवनसीच्या काही पद्धती चुकीचा आकडा देतात. कुठल्या पद्धतीवर किती परिणाम होतो ते मशीन आणि किटप्रमाणे बदलते. बोरोनेट अफिनिटी पद्धतीवर वाहकांमधल्या या बदलाचा परिणाम बहुतांशी होत नाही. पूर्ण सिकलसेल आजार असलेल्यांत तांबड्या पेशींचे आयुष्यच कमी असल्याने कुठलीही पद्धत घेतली तरी हा आकडा मधुमेहाचे नियंत्रण सांगत नाही. म्हणून डेटाबेसमध्ये सिकलसेल स्थितीचा रकाना आणि एचबीएवनसीच्या पद्धतीचा रकाना, दोन्ही हवेत. नागपूर केंद्रालाही हेच लागू, कारण गडचिरोलीपासूनचे रुग्ण तिथे येतात.

काही कारणाने क्रिएटिनिन स्थानिक लॅबमध्येच करावे लागले, तर पद्धत कुठली ते विचारा: जाफे की एन्झायमॅटिक. जाफे स्वस्त आहे, पण कावीळ, कीटोन आणि काही सेफॅलोस्पोरिन औषधांनी ती फसते. मधुमेहींच्या अभ्यासात कीटोन असणारच. लॅबमधला फरक मोजायचा असेल तर तेच नमुने दोन्हीकडे तपासा. पद्धतींच्या अशा तुलनेसाठी निदान ४० नमुने घेण्याचा प्रघात आहे. तेवढा खर्च झेपत नसेल, तर प्रत्येक लॅबचे बाह्य गुणवत्ता तपासणीचे (बाहेरून आलेला नमुना मोजून उत्तर ताडून पाहण्याचे) अहवाल मागा. वेल्लोरच्या सीएमसीचा असा कार्यक्रम अनेक लॅब वर्षानुवर्षे पाळतात. हे अहवाल दाखवायला खळखळ करणारी लॅब सहभागी करून घेण्याआधी दोनदा विचार करावा.

पायरी ३: चाचण्यांचा कोश

आता एक तक्ता बनवा. प्रत्येक ओळीत एका लॅबची एक चाचणी. रकाने असे: लॅबचे नाव, रिपोर्टवर छापलेले नाव अक्षरशः तसेच, अभ्यासातले प्रमाण नाव, लॉइंक कोड, नमुन्याचा प्रकार, पद्धत, छापलेले युनिट, प्रमाण युनिट, रूपांतराचा गुणक.

लॉइंक ही अमेरिकेतल्या इंडियानापोलिसच्या रेगेनस्ट्रीफ संस्थेने १९९४ पासून विकसित केलेली, मोफत मिळणारी संकेतप्रणाली आहे. भारताच्या २०१६ च्या ईएचआर (इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदी) मानकांतही ती आहे. वस्तुमानात मोजलेल्या सीरम क्रिएटिनिनचा कोड २१६०-०, मोलमध्ये मोजलेल्याचा १४६८२-९, एचबीएवनसीचा ४५४८-४. वस्तुमानाऐवजी मोलमध्ये मोजले की कोड बदलतो हे लक्षात घ्या. मात्र २१६०-० या कोडमध्ये पद्धत येत नाही. जाफे आणि एन्झायमॅटिक दोन्ही त्यातच बसतात, म्हणून पद्धतीचा रकाना वेगळा ठेवायचा. कोड निवडण्याचे काम बायोकेमिस्ट्रीतल्या कोणाला शेजारी बसवून करा. एकट्या संगणकवाल्याने निवडलेले कोड नावावरून बरोबर आणि अर्थाने चूक निघतात.

गुणक एकदाच लिहा आणि दोघांनी तपासा. नेहमी लागणारे काही:

क्रिएटिनिन: मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर × ८८.४ = मायक्रोमोल प्रति लिटर
ग्लुकोज: मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर ÷ १८ = मिलिमोल प्रति लिटर
कोलेस्टेरॉल: मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर ÷ ३८.६७ = मिलिमोल प्रति लिटर
एचबीएवनसी: (टक्के − २.१५) × १०.९२९ = मिलिमोल प्रति मोल, म्हणजे ७ टक्के म्हणजे ५३
अल्ब्युमिन-क्रिएटिनिन प्रमाण: मिलिग्रॅम प्रति ग्रॅम ÷ ८.८४ = मिलिग्रॅम प्रति मिलिमोल

एचबीएवनसीकडे पुन्हा पाहा. तिथे नुसता गुणाकार नाही, आधी वजाबाकी आहे. ‘गुणक’ असा एकच रकाना ठेवला तर ही चाचणी त्यात बसत नाही. गुणायचा आकडा आणि मिळवायचा आकडा असे दोन रकाने ठेवा. दुसऱ्यात बहुतेक ठिकाणी शून्य येईल, चालेल.

ईजीएफआर (क्रिएटिनिनवरून सूत्राने काढलेला मूत्रपिंडाच्या गाळण्याचा वेग), सूत्राने काढलेले एलडीएल असले आकडे रिपोर्टवरून उचलून विश्लेषणाला वापरू नका. एका लॅबच्या सॉफ्टवेअरमध्ये जुने सूत्र असते, दुसरीकडे नवे. क्रिएटिनिन, वय आणि लिंग घ्या आणि सगळ्यांसाठी एकच सूत्र, उदाहरणार्थ २०२१ चे सीकेडी-ईपीआय, स्वतः चालवा. एलडीएल फ्रीडवाल्ड सूत्राने काढलेले असेल आणि ट्रायग्लिसराइड ४०० मिलिग्रॅमच्या वर असतील तर तो आकडा निरर्थकच.

पायरी ४: रेंजला तारीख असते

नॉर्मल रेंज लॅबची असते, आणि लॅबने किट बदलले की तीही बदलते. तक्त्यात ‘केव्हापासून’ आणि ‘केव्हापर्यंत’ असे दोन रकाने नसतील, तर तिसऱ्या महिन्यात कोणीतरी जुन्या रेंजवर नवी लिहील आणि आधीच्या रुग्णांचे ‘हाय’-‘लो’ शिक्के मुकाट्याने बदलून जातील. जुनी ओळ पुसायची नाही. तिला शेवटची तारीख घालायची आणि खाली नवी ओळ टाकायची.

लॅब हे आपणहून कळवत नाहीत. त्यांना कळवावे असे वाटण्याचे कारणही नाही. म्हणून दर महिन्याला कोऑर्डिनेटरने लॅबमध्ये जाऊन एकच प्रश्न विचारायचा: मशीन, किट, युनिट, रेंज, यांपैकी काही बदलले का? उत्तर ‘नाही’ असले तरी तारखेसह लिहून ठेवायचे.

पायरी ५: रुग्णाचा क्रमांक

नावावरून जुळवाजुळव करायची नाही, हे सगळ्यांना मान्य असते, आणि दोन महिन्यांत सगळे तेच करू लागतात. आपल्याकडे ते का बुडते हे सांगायला नको. आधार कार्डावर ‘सुनीता’, केसपेपरवर ‘सुनिता’, लॅबच्या पावतीवर आडनाव आधी. लग्नानंतर मधले नाव आणि आडनाव दोन्ही बदलले, पण रुग्णालयात नोंद माहेरच्या नावाची. गावाकडच्या केंद्रावर एकाच दिवशी एकाच आडनावाचे सहा पवार किंवा वसावे येणे हे रोजचे आहे.

केंद्राचे दोन अंक, रुग्णाचे चार अंक आणि शेवटी एक पडताळा अंक, असा क्रमांक द्या. पडताळा अंक बाकीच्यांवरून गणिताने निघतो, त्यामुळे टंकताना दोन अंकांची अदलाबदल झाली तर फॉर्म तिथेच अडतो. आद्याक्षरे, जन्मतारीख, मोबाइल क्रमांक यांतले काहीही क्रमांकात घालू नका. नाव आणि क्रमांक यांची जोडणी दाखवणारी यादी केंद्राच्या कुलपात राहील, मध्यवर्ती डेटाबेसमध्ये येणार नाही. हा आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद) २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांशी सुसंगत मार्ग आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संशोधनाला सवलत आहे, पण ती विहित मानके पाळण्याच्या अटीवर.

आणि व्हॉट्सअ‍ॅप. रिपोर्टचा फोटो काढून ग्रुपवर टाकणे ही इतकी सोयीची गोष्ट आहे की नुसत्या मनाईने ती थांबत नाही. पर्याय द्या: डेटाबेसमध्येच फाइल चढवण्याची जागा, आणि नाव झाकायला केंद्रावर एक साधी पुठ्ठ्याची पट्टी.

पायरी ६: नोंदणीचा फॉर्म

एक्सेलमध्ये अभ्यास चालवू नका. २०२० च्या शरद ऋतूत इंग्लंडमध्ये कोविडचे सुमारे १६ हजार रुग्ण काही दिवस आकडेवारीतून गायब होते, कारण जुन्या एक्सेल फाइलमध्ये ६५,५३६ ओळींपलीकडे काही मावत नव्हते. तुमचा अभ्यास तेवढा मोठा नसेल. तुम्हाला मारणारी गोष्ट छोटी असते. लघवीच्या रिपोर्टमध्ये पस सेल्स ‘२-४’ लिहिल्या की एक्सेल त्याची तारीख करून टाकते. क्रमांकाच्या सुरुवातीची शून्ये उडतात. या खोडीपायी मानवी जनुकांच्या काही नावांनाही २०२० मध्ये बदलावे लागले.

रेडकॅप हे संशोधनाचा डेटा नोंदवण्याचे सॉफ्टवेअर वापरा. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात २००४ मध्ये ते तयार झाले. ना-नफा संस्थांना करार करून परवानाशुल्काशिवाय मिळते, कोणी काय कधी बदलले याची नोंद आपोआप ठेवते, आणि नेटवर्क नसेल तिथे मोबाइल अ‍ॅपवर नोंदणी करता येते. सर्व्हर मात्र संस्थेला सांभाळावा लागतो. ओळखीच्या एखाद्या संस्थेत ते आधीच चालू असेल तर तिथे विनंती करून पाहा.

प्रत्येक तपासणीसाठी हे रकाने हवेत: नमुना घेतल्याची तारीख आणि चोवीस ताशी वेळ, रिपोर्टची तारीख, चिन्ह, आकडा, युनिट, शेरा. चिन्हाचा रकाना वेगळा का? कारण लॅब ‘<३’ (तीनपेक्षा कमी) असे छापते. तो ‘३’ म्हणून भरला तर खोटा, आणि मजकूर म्हणून भरला तर अख्खा रकाना गणिताला निरुपयोगी. युनिट यादीतून निवडायचे, पण आधीपासून भरून ठेवायचे नाही. आपोआप आलेले युनिट कोणी वाचत नाही.

रिकामी जागा म्हणजे काय, तेही ठरवा. तपासणी सांगितलीच नाही, नमुना घेतला पण खराब झाला, रिपोर्ट यायचा आहे, रुग्ण आला नाही, ही चार वेगळी उत्तरे आहेत. त्यांना चार पर्याय द्या. शून्य किंवा ९९९ भरू देऊ नका. ९९९ ही प्लेटलेटची खरी संख्या असू शकते.

पायरी ७: नमुन्याचा प्रवास

आकडा चुकण्याची निम्मी कारणे मशीनपर्यंत पोहोचण्याआधीच घडतात. न विलगलेल्या रक्तात ग्लुकोज दर तासाला साधारण ५ ते ७ टक्क्यांनी घटते. राखाडी झाकणाच्या फ्लोराइड ट्यूबमुळे ते थांबते, पण लगेच नाही, पहिला तास-दीड तास घट चालूच राहते. म्हणून नमुना घेतल्याची वेळ आणि सेंट्रिफ्यूज केल्याची (मशीनमध्ये फिरवून पेशी वेगळ्या केल्याची) वेळ, दोन्ही लिहा. उपजिल्हा रुग्णालयात वीज गेली तर सेंट्रिफ्यूज थांबते, हे लपवण्यासारखे नाही. शेऱ्यात लिहायला सांगा, आणि लिहिणाऱ्याला बोलणी बसणार नाहीत याची खात्री द्या.

मध्यवर्ती लॅबला जाणाऱ्या प्रत्येक खोक्याबरोबर यादी जावी. पलीकडे खोका उघडला की त्याच दिवशी यादीशी ताळा करायचा. ट्यूबवरचा बारकोड यादीत नाही, यादीतली ट्यूब खोक्यात नाही, रुग्ण डेटाबेसमध्ये नाही, असे तीन प्रकार निघतात. त्याच आठवड्यात विचारले तर उत्तर मिळते. वर्षाखेरीस विचारले तर ज्याने पॅकिंग केले तो दुसऱ्या नोकरीत गेलेला असतो.

पायरी ८: तपासणी आणि क्वेरी

इशाऱ्याच्या मर्यादा नॉर्मल रेंजवरून ठरवू नका. मूत्रपिंडविकाराच्या अभ्यासात अर्धे लोक त्याबाहेरच असणार. फॉर्म सतत ओरडला की माणसे न वाचता ‘ओके’ दाबतात. जिवंत माणसात जवळपास अशक्य अशा मर्यादा ठेवा, आणि त्याशिवाय त्याच रुग्णाच्या मागच्या भेटीशी तुलना करा. क्रिएटिनिन १.१ वरून १०.२ झाले, तर तो दशांशाचा घोळ असेल किंवा रुग्ण खरोखर अत्यवस्थ असेल. दोन्हीत फोन करायलाच हवा.

महिन्यातून एकदा केंद्रनिहाय आलेख काढा. एका केंद्राचा मध्यमान बाकीच्यांपासून दूर का? ठरावीक तारखेनंतर सगळे आकडे वर का सरकले? बहुधा किट बदललेले असते. एखाद्या केंद्राचे आकडे फारच गुळगुळीत, शेवटी नेहमी ० किंवा ५, किंवा ओळीने पाच रुग्णांचे पोटॅशियम ४.२ असेल, तर मूळ रिपोर्ट पाहायला स्वतः जा. ईमेलवर आरोप करू नका.

क्वेरी, म्हणजे एखाद्या नोंदीबद्दल केंद्राला विचारलेला लेखी प्रश्न, कशी लिहायची यावर केंद्राशी नाते टिकते. ‘कृपया तपासा’ ही क्वेरी नव्हे. ‘१०.२ ऐवजी १.०२ हवे ना?’ हेही नको, कारण त्यात उत्तर तुम्हीच सुचवले, आणि दमलेला माणूस ‘हो’ म्हणून मोकळा होतो. असे लिहा: ‘रुग्ण ०३-०४१७-०, तिसरी भेट. क्रिएटिनिन १०.२ नोंदले आहे, दुसऱ्या भेटीत १.१ होते. मूळ रिपोर्ट पाहून आकडा, दशांशचिन्ह आणि युनिट कळवावे.’ आकडा खरा निघाला तरी तसे उत्तर लिहून क्वेरी बंद करायची. कागदावर दुरुस्ती करताना जुना आकडा वाचता येईल अशी एक आडवी रेघ, नवा आकडा, सही आणि तारीख. व्हाइटनर केंद्राबाहेर ठेवा.

पायरी ९: जीवघेणे आकडे डेटाबेसची वाट पाहत नाहीत

पोटॅशियम ६.८ आले तर ते फॉर्मवर चढेपर्यंत रुग्ण राहील याची हमी नाही. लॅब ते वॉर्ड आणि लॅब ते संशोधक असे दोन फोन नंबर भिंतीवर लावा, आणि फोन केव्हा झाला ते लिहा. औषधाची नियामक चाचणी असेल तर २०१९ च्या नवी औषधे व क्लिनिकल ट्रायल नियमांप्रमाणे गंभीर घटना २४ तासांत कळवण्याची जबाबदारी संशोधकावर असते. क्वेरीच्या उत्तराची वाट पाहिली हे कारण तिथे चालत नाही.

पायरी १०: कुलूप

शेवटचा रुग्ण संपल्यावर एकदम साफसफाई करू नका. दर तीन महिन्यांनी त्या दिवसापर्यंतची प्रत गोठवा, तारीख घालून वेगळी ठेवा, आणि विश्लेषणाचा प्रोग्रॅम तिच्यावर चालवून पाहा. रूपांतरातल्या चुका तेव्हाच सापडतात.

डेटाबेसला अंतिम कुलूप लावण्याआधी, म्हणजे आकडे बदलणे बंद करण्याआधी, चार गोष्टी जमल्या पाहिजेत: उघडी क्वेरी शिल्लक नाही, मध्यवर्ती लॅबची फाइल डेटाबेसशी ओळ न ओळ जुळली, कोशातल्या प्रत्येक युनिटला गुणक आहे, आणि प्रत्येक केंद्राच्या मुख्य संशोधकाने आपल्या माहितीवर सही केली. नंतर चूक निघाली तर कुलूप उघडता येते, पण कोणी, कोणाच्या परवानगीने, कुठला आकडा बदलायला उघडले हे आधीच ठरलेले आणि लिहिलेले असावे. मूळ आकडे आणि रूपांतरित आकडे वेगवेगळ्या रकान्यांत, कायम. सोबत त्या दिवशीचा कोश, रेंजचा तक्ता आणि प्रोग्रॅमही त्याच फोल्डरमध्ये ठेवा. नाव-क्रमांक जोडणीची यादी मात्र त्या फोल्डरमध्ये जाणार नाही. ती केंद्राच्याच कुलपात राहील, आणि ती केव्हा नष्ट करायची ते नैतिक समितीने मान्य केलेल्या मुदतीनुसार ठरेल.